रात्रीचा अर्धा तास चिकटवहीचा

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर डोळे अक्षरांवर आणि मन ऱ्हस्व-दीर्घात. रात्री रोजनिशी लिहायला बसावं तर तिथेही शब्दच, आणि तेही तपासायची सवय हाताला सुटत नाही. म्हणून रोजनिशी शब्दांशिवाय ठेवायची असं ठरवलं. कात्री, गोंद, जुनी मासिकं आणि जाड पानांची एक वही, एवढंच सामान. आता रात्री सगळं आवरलं की अर्धा तास त्या वहीचा असतो.

हे रोज करायचं असेल तर माझं एकच ठाम सांगणं आहे: कापणं आणि चिकटवणं एकाच बैठकीत करू नका. हातात मासिक घेऊन ‘आज काय करू’ म्हणत बसलं की शोधण्यातच वेळ सरतो आणि पान कोरं राहतं. कापायला मी सुट्टीचा दिवस ठेवते. तेव्हा काहीच ठरवायचं नाही, नजर जिथे अडकेल ते कापायचं. कात्रणं पाकिटांत जातात ती रंगांप्रमाणे. विषयवार ठेवली की ‘झाड’ हवं म्हणून आपण झाडच शोधतो. हिरव्याच्या पाकिटात मात्र झाड, बाटली, दरवाजा आणि कुणाच्या तरी स्वेटरची बाही शेजारी शेजारी येतात. त्यातली दोन उचलली की पानाला सुरुवात होते.

परवाचंच पान सांगते. दिवस दमवणारा होता, पण काय झालं ते लिहावंसं वाटत नव्हतं. काही पाकिटांच्या आतल्या बाजूला बारीक निळी नक्षी छापलेली असते, बाहेरून मजकूर दिसू नये म्हणून. तो कागद फाडून पानाच्या खालच्या भागात ठेवला. त्यावर मासिकातला एक जिना, वर चढत जाणारा, पण शेवटची पायरी कापून टाकलेली. वरचा अर्धा भाग रिकामा. जिना आधी मधोमध होता, तेव्हा पान नुसतं नीटनेटकं दिसत होतं. उजव्या कडेला सरकवला आणि तो दिवस तिथे आला. ही सरकवासरकव मला सगळ्यात आवडते, त्यामुळे पान मनासारखं मांडून होईपर्यंत मी गोंदाचं झाकण उघडत नाही.

कात्रीपेक्षा हाताने फाडलेली कड मला जास्त जवळची वाटते. छापील गुळगुळीत कागद फाडला की दोनपैकी एका तुकड्याच्या कडेला आतला पांढरा थर दिसतो, दुसऱ्याच्या नाही. कोणता हात आपल्याकडे ओढतोय त्यावर ते ठरतं. आकाशाच्या तुकड्याला ती पांढरी कड मिळाली तर वेगळा ढग लागत नाही. कागदाच्या तंतूंना दिशा असते. तिच्या बाजूने फाडलं तर कागद सरळ फाटतो, आडवं फाडलं की वेडावाकडा. रद्दीच्या तुकड्यावर दोन्हीकडून फाडून बघा, लगेच कळतं.

पातळ पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने पान फुगतं आणि सुरकुत्या पडतात. रोजच्या पानाला गोंदाची कांडी बरी. गोंद वहीला न लावता कात्रणाला लावायचा, मधून कडांकडे, आणि कडा मात्र सोडायच्या नाहीत. वर कोरा कागद ठेवून तळहाताने दाबायचं. वही फुगून शिवण ताणली जाऊ नये म्हणून मी आधीच मधली काही पानं कापून काढते. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, कारण त्यात लिग्निन हा लाकडातला घटक असतो आणि उजेड-हवेने त्याचा रंग बदलतो. मला तो पिवळेपणा चालतो. दुकानातल्या पावत्यांची मात्र झेरॉक्स काढून घ्या, उष्णतेवर छापलेली ती अक्षरं हळूहळू पुसट होतात.

‘मला चित्रं काढता येत नाहीत, आणि आता या वयात कुठे’ असं कुणी म्हणालं की मी मेरी डिलेनीबद्दल सांगते. जन्म 1700 चा, इंग्लंडमधला. 1768 मध्ये नवरा गेला. 1772 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिने कागदाची फुलं करायला घेतली. लाल कागदाचा एक तुकडा जिरेनियमच्या पाकळीच्या रंगाशी हुबेहूब जुळलेला दिसला आणि तिथून हे सुरू झालं, असं सांगतात. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे चिकटवत तिने दहा वर्षांत जवळपास हजार चित्रं केली. नजर अधू झाली तेव्हाच ती थांबली. ती चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते चित्रांच्या पाठीमागचं. वनस्पतीचं नाव, तारीख, ठिकाण, अशा नोंदी तिने तिथे करून ठेवल्या. ती फुलं म्हणजे तिच्या त्या वर्षांची रोजनिशीच आहे.

हे कळल्यापासून मीही कोपऱ्यात तारीख घालते. कधी त्याच दिवसाचं तिकीट किंवा वेष्टनाचा तुकडाही लावते. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स पहिल्या महायुद्धानंतर अशाच टाकाऊ तिकिटांतून आणि कागदांतून चित्रं उभी करत होता. तुकडा क्षुल्लक असला तरी चालतो, तो त्या दिवसाचा असला पाहिजे.

सुरू करणार असाल तर पोस्टकार्डाएवढी वही घ्या. मोठं पान भरायचं म्हटलं की दमलेल्या दिवशी हात मागे येतो, छोट्या पानाला दोन कात्रणं पुरतात. पहिला आठवडा कुणाला दाखवू नका, फोटोही काढू नका. फोटो काढायचा म्हटला की हात सुंदर पान करायला धावतो, आणि आपल्याला आजचं पान हवं असतं. या सुट्टीला माझ्याकडे करड्या रंगाचं पाकीट भरायचंय, ते पार रिकामं झालंय.