तुम्ही विचारलंत म्हणून: ती माणसं खरंच एवढं चालली होती का?

माझ्या पुस्तकातले दोन चिनी भाऊ सोन्यासाठी ऑस्ट्रेलियात उतरतात आणि खाणींपर्यंत इतरांसोबत पायी जातात. ते वाचून झालं की बहुतेक जण हेच विचारतात, "ते चालत जाणं खरं आहे का हो, की तुम्ही रचलंय?" परवा एका काकूंनी फोनवर जरा वेगळं विचारलं, की सोनं मेलबर्नच्या वर होतं, मेलबर्नला धड बंदर होतं, मग ही माणसं भलत्याच गावी उतरून महिनाभर तंगडतोड का करत बसली? तर आज नीट सांगते.

चालणं खरं आहे, अगदी शंभर टक्के. मी रचले ते दोन भाऊ, त्यांचं आपसातलं बोलणं आणि त्यांची नावं. नावांचं शेवटी सांगते, तेच मला जास्त लागलेलं आहे.

1851 मध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न जिथे आहे त्या ऑस्ट्रेलियातल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, सोनं सापडलं, बॅलारॅट, बेंडिगो ही नावं जगभर झाली आणि कुठून कुठून लोक यायला लागले, त्यात दक्षिण चीनच्या ग्वांगडाँगमधली शेतकऱ्यांची पोरंही होती. त्यांच्याकडे कॅलिफोर्नियाला 'सोन्याचा डोंगर' म्हणायचे, मग ऑस्ट्रेलिया झाला 'नवा सोन्याचा डोंगर'. घरी काय होतं तर अफूच्या युद्धाने मोडलेला मुलूख, बादशहाविरुद्धचं ताइपिंगचं बंड, तुटपुंजी जमीन आणि 1855 पासून पुंती आणि हक्का या तिथल्या दोन समाजांच्या गावागावांतल्या कापाकाप्या. खूप जण म्हणतात, म्हणजे गिरमिटियेच ना? नाही. गिरमिटात तुम्ही ठरलेल्या मालकाच्या मळ्यावर ठरलेली वर्षं राबता. इथे बहुतेकांच्या बोटीचं भाडं कुणीतरी सावकार किंवा व्यापारी भरायचा, ते कर्ज घरच्यांच्या जिवावर असायचं आणि सोनं काढून फेडायचं. म्हणजे वाटेत कितीही हाल झाले तरी मागे फिरायची सोयच नाही, कारण मागे आई-बाप त्या कर्जाला बांधलेले. हे एकदा लक्षात घेतलं ना की पुढचं सगळं समजतं.

आता काकूंचा प्रश्न. 1855 मध्ये व्हिक्टोरिया सरकारने कायदा केला, येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड कर, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी. म्हणजे तीनशे टनी जहाज असेल तर फक्त तीस माणसं! बाकी कुणालाही असला कर नव्हता, फक्त यांनाच. मग कप्तानांनी पळवाट काढली, हद्दीच्या पलीकडे साऊथ ऑस्ट्रेलिया या शेजारच्या वसाहतीत रोब नावाचं छोटंसं बंदर होतं, तिथे कर नव्हता, तिथेच माणसं उतरवायला लागले. जेमतेम वस्तीचं गाव ते, तिथे 1857 च्या पहिल्या काही महिन्यांत हजारोंनी माणसं उतरली, आज किनाऱ्यावर स्मारकाचा दगड आहे त्यावर आकडा 16,500 चा आहे. मी त्या दगडासमोर बराच वेळ उभी होते, वारा इतका होता की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मनात सारखं येत होतं की इथून पुढे चारशेच्या वर किलोमीटर, पायी.

रांगेने चालायचे, एकामागे एक, खांद्यावर बांबू आणि दोन्ही टोकांना टोपल्या. हे लिहिताना मी मुद्दाम 'कावड' शब्द वापरला, दुसरा कुठला बसतच नव्हता. वाटाड्ये पैसे घ्यायचे आणि काही तर अर्ध्या रस्त्यात सोडून पळून जायचे. आणि जून म्हणजे तिकडे भर हिवाळा, हे आपण विसरतो, पावसात भिजलेली, दलदलीतून जाणारी ती माणसं डोळ्यांसमोर आणा. पुस्तकातलं वादळात फुटलेलं डच जहाज पण खरं आहे, 30 जून 1857, रोबच्या किनाऱ्यावर, चिनी प्रवासी आधीच उतरले होते आणि 16 खलाशी बुडाले. पुढे साऊथ ऑस्ट्रेलियानेही त्याच वर्षी तसाच कर लावला आणि रोबचा ओघ आटला.

पुस्तकातला अरारातचा, म्हणजे वाटेत सोनं सापडण्याचा, प्रसंग खूप जणांना फिल्मी वाटतो. पण 1857 मध्येच रोबहून चालत निघालेला साधारण सातशे जणांचा जथा वाटेत झऱ्यापाशी विसाव्याला थांबला आणि तिथेच त्यांना सोनं दिसलं, त्या जागेला कँटन लीड ('लीड' म्हणजे सोन्याचा पट्टा) नाव पडलं आणि आजचं अरारात शहर त्यातून उभं राहिलं. मला तर हे सगळ्यात सुंदर वाटतं, दमून टेकलेल्या माणसांना ते सापडावं! फार दिवस लाभलं नाही, गोरे खाणकामगार धावत आले आणि ह्यांना चांगल्या जागांवरून हुसकावलं.

व्हिक्टोरियातल्याच बकलंड नदीवरचा हल्ला मी पुस्तकात लांबवला नाही, काहींनी त्याबद्दल विचारलंय. 4 जुलै 1857 ला तिथल्या गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्त्यांवर हल्ला केला, तंबू, दुकानं, नवं बांधलेलं देऊळ सगळं जाळलं आणि हजारोंना ऐन थंडीत नदीकाठाने हाकलत नेलं. पकडले गेले त्यातले बहुतेक ज्युरीने सोडून दिले. चार वेळा लिहिलं ते प्रकरण, दर वेळी रक्तच जास्त झालं, म्हणून शेवटी त्या धाकट्या भावाच्या हातातून सुटलेल्या एका टोपलीवर थांबवलं.

2017 मध्ये काही वंशज आणि त्यांच्यासोबतचे लोक रोबहून मेलबर्नच्या पार्लमेंटपर्यंत पुन्हा चालत गेले आणि व्हिक्टोरियाच्या प्रीमियरने, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्याने, सभागृहात या कायद्यांबद्दल माफी मागितली. एकशे साठ वर्षांनी. मी तो व्हिडिओ बघून रडले होते.

आणि नावं. तेव्हाच्या पेपरात जहाजाच्या बातमीत असायचं, इतके इतके चिनी उतरले, बास, आकडा. पुढे कागदोपत्री जी नावं येतात ती 'आ' ने सुरू होतात, आ अमुक, आ तमुक. हा 'आ' म्हणजे आडनाव नाही, प्रेमाने हाक मारताना पुढे लावायचा शब्द आहे, आपण कसं 'ए बाळ्या' म्हणतो तसा. कारकुनाने तेच आडनाव म्हणून लिहिलं, आणि कित्येक घराण्यांचं खरं आडनाव तिथेच हरवलं. म्हणून थोरल्याचं नाव मी पहिल्याच पानावर पूर्ण दिलंय, त्यांच्या पद्धतीने, आधी आडनाव, मग घराण्यातल्या पिढीचं अक्षर, मग त्याचं स्वतःचं. वाचताना अडखळायला होतं असं काही जणांनी कळवलं. तरी नव्या आवृत्तीतही ते तसंच राहणार आहे.