आमची वाटचाल : शेळीची कृती आणि माशाचं कातडं

कातडी कमावण्याच्या धंद्यात सुरुवातीला आमचं भांडवल म्हणजे एक लाकडी ड्रम, फ्लेशिंगचा (कातड्यावरचं मांस खरवडायचा) सुरा आणि माझे भागीदार दादा यांचा अंगठा. बेटिंगमधून, म्हणजे कातडं मऊ करणाऱ्या एन्झाइमच्या पाण्यातून, काढलेल्या शेळीच्या कातड्यावर ते अंगठा दाबायचे. ठसा तसाच राहिला की म्हणायचे, "काढा आता." कधी चुकले नाहीत. मेंढीचे तंतू सैल, त्यात चरबी. ती नीट निघाली नाही तर क्रोम (कातडं कमावणारा क्रोमियमचा क्षार) एकसारखं बसत नाही. म्हशीचं जाड कातडं मध्यापर्यंत मुरायला रात्र जाते. हे आम्हाला हाताने ठाऊक होतं.

मग थंड समुद्रातल्या कॉड माशाची कातडी आली. आम्ही शेळीचीच कृती लावली, बेटिंगचं पाणी ३७ अंश. ड्रम उघडला तर आत कातडं नाहीच, चिकट खळ. तो वास अजून नाकात आहे. शेळी, मेंढी, गाय यांचं कच्चं कोलॅजन, म्हणजे कातड्यातलं मुख्य प्रथिन, साधारण ६० ते ६५ अंशांना आक्रसतं. कॉडचं ४० च्या आसपासच. त्याच्या तिपेडी पिळात तो घट्ट धरणारं हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल कमी, म्हणून पीळ लवकर सुटतो. त्यात एन्झाइम होतं आणि ड्रम फिरण्याची उष्णताही. चूक आमचीच होती, ते मी मान्य करतो.

पण त्या लॉटची गोष्ट एका स्पर्धकाने व्यापाऱ्यांत घरोघर पोचवली. दोन हंगाम ड्रम कोरडा पडला. लाकूड आकसून फटी पडल्या, भागीदारी मोडायची वेळ आली. पुढे त्याच माणसाने आमचा कामगार फोडला आणि माशाचं चामडं आपणच पहिल्यांदा काढलं असं सांगत फिरला. ते मी विसरलेलो नाही.

हातमोजे शिवणाऱ्या एक ताई मात्र थांबल्या. त्यांनी स्वतःहून कॉडची आणखी कातडी पाठवली. या वेळी दादांनी अंगठा बाजूला ठेवून थर्मामीटर घेतला. बोटभर रुंद पट्टी पाण्यात टांगली, खाली वजन अडकवलं आणि मिनिटाला २ अंश या गतीने पाणी तापवलं. कच्ची पट्टी चाळिशीतच गोळा झाली. मग सगळं काम गार पाण्यात केलं. पिकल, म्हणजे मीठ-आम्लाचं पाणी, ३ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त), क्रोम आतपर्यंत गेल्यावर सोडा थोडा थोडा घालत पीएच ३.८ पर्यंत. क्रोम कोलॅजनच्या कार्बॉक्सिल गटांना धरतं. सोड्याने ते गट मोकळे झाल्याशिवाय घाई करून उपयोग नाही. कमावलेली पट्टी सत्तरीतही सरळ राहिली. दादा बराच वेळ बोलले नाहीत.

त्यानंतरची वर्षं नियमित कामाची, ती इथे लिहीत नाही.

नव्यांना एवढंच सांगतो : कुठलंही अनोळखी कातडं आलं की आधी पट्टी तापवून बघा, कृती मग लिहा. शेळीच्या कमावलेल्या चामड्याला लावतात त्या उकळत्या पाण्याच्या कसोटीने माशाला तोलू नका. आणि पिकलमध्ये मीठ आधी, आम्ल नंतर. मिठाशिवाय आम्ल गेलं की कातडं फुगतं, आणि फुगलेलं कातडं सहसा पुन्हा पूर्ववत होत नाही.