चेन्स्तोहोवाची पायी यात्रा : नऊ दिवस, रोज एक पुणे-सासवड

"तू वारी केलीयस ना? मग हे तुला पिकनिक वाटेल."

हे वाक्य मला वॉर्सामधल्या तीन जणांनी ऐकवलं. त्यातल्या एकानेही ही यात्रा पायी केलेली नव्हती, हे मला सातव्या दिवशी कळलं. आता पोलंडमध्ये मराठी माणसं बऱ्यापैकी आहेत आणि दर ऑगस्टला कुणाला तरी ही हुक्की येते. त्यांनी निदान आकडे बघून जावं, म्हणून लिहितेय. पाय अजून पुरते बरे झालेले नाहीत, तेव्हा सूर थोडा कडवट लागला तर समजून घ्या.

आधी हिशेब. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. वॉर्सा ते चेन्स्तोहोवाही जवळपास तेवढंच, दोनशे चाळीसच्या आसपास. पण माउलींची पालखी त्याला अठरा-वीस दिवस घेते, पुण्यात आणि सासवडला जास्तीचा मुक्काम करते. इथे ६ ऑगस्टला निघायचं आणि १४ ला पोचायचं. सरासरी रोजचे सत्तावीस किलोमीटर, एखाद्या दिवशी तिसाच्या वर. पुणे-सासवड टप्पा आठवा. त्यातला चढ काढून टाका आणि तो टप्पा लागोपाठ नऊ दिवस चाला. वारीच्या तयारीवर जाल तर चौथ्या दिवशी रडाल. मी रडले.

जायचं कुठे, ते थोडक्यात. चेन्स्तोहोवात यास्ना गूरा, म्हणजे उजळ टेकडी, नावाचा पॉलाइन साधूंचा मठ आहे, १३८२ सालचा. तिथे बाळ येशूला घेतलेल्या सावळ्या मरियेचं चित्र आहे. पोलिश लोक तिला मात्का बोस्का म्हणतात. (मात्का म्हणजे आई. पहिल्या दिवशी कर्ण्यावरून 'मात्का, मात्का' ऐकताना मला सारखं कल्याण आणि वरळी आठवत होतं. दोन दिवसांनी सवय झाली.) १६५५ मध्ये स्वीडिश सैन्याने मठाला वेढा घातला आणि तो पडला नाही. पुढच्याच वर्षी राजा यान काझिमिएझने मरियेला पोलंडची राणी म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून ती इथल्या लोकांची देवीही आहे आणि राणीही. सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीचा नेता लेख वावेन्सा कोटावर तिचाच बिल्ला लावायचा आणि १९८३ चं नोबेल पदकही त्याने तिलाच वाहिलं.

वॉर्साहून वेगवेगळ्या पदयात्रा निघतात. मी गेले ती सगळ्यात जुनी, जुन्या शहरालगतच्या पॉलाइनांच्या चर्चमधून निघणारी. प्लेगच्या साथीत बोललेल्या नवसापासून, १७११ पासून चालत आलेली. नावनोंदणी करावी लागते, थोडं शुल्क असतं, गळ्यात बिल्ला मिळतो. आपल्या दिंड्यांना नंबर असतात, इथल्या काही गटांना रंग. मोठं सामान ट्रकमध्ये जातं. पहाटे ट्रक भरतात, उशीर केलात तर पिशवी दिवसभर तुमच्या पाठीवर. संध्याकाळी सगळ्या पिशव्या एका शेतात ओततात, अक्षरशः ओततात, आणि अंधारात आपली शोधायची. पिशवी काळी घेऊ नका. माझी काळी होती. तिला शेवटी घरून आणलेलं खणाचं पोलकं बांधलं, तेव्हा कुठे ती सापडायला लागली.

मी ख्रिस्ती नाही. कुणी विचारलं नाही, सांगितल्यावर कुणी तोंडही वाकडं केलं नाही. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, तसं इथे सगळे ब्राचे आणि शोस्त्रो, म्हणजे भाऊ आणि ताई. सत्तरीच्या आजोबांनाही भाऊच. एकच पथ्य पाळा : मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, पवित्र भाकरी घ्यायच्या (कम्युनियनच्या) रांगेत उभं राहू नका. ती भाकरी आपल्या प्रसादासारखी येईल त्याला वाटत नाहीत. जागेवर शांत उभं राहिलं की झालं.

बूट, मोजे, रेनकोट, हेडटॉर्च हे सांगत बसत नाही, नऊ दिवस चालायला निघालेल्याला ते कळतं. न कळणारी एक गोष्ट म्हणजे गोचीड. गवतात बसलात की रात्री काखेत, जांघेत, गुडघ्यामागे हात फिरवून बघा, दिसली तर चिमट्याने डोक्यासकट काढा. तिच्यामुळे होणारा लाइम आजार अंगावर काढण्यासारखा नाही.

आता चौथा दिवस.

नकाशावर जंगलातून जाणारी सरळ हिरवी रेघ होती. दोन दिवस डांबर तुडवून तळवे भाजले होते, म्हटलं चला, आज सावली. हे पाइनचं जंगल वाळूवर उभं असतं, हे त्या तिघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. मुरमाड माती नव्हे, वाळू. पंचगंगेच्या पात्रातली असावी तशी भुसभुशीत, आणि आपल्यापुढे शेकडो माणसं ती तुडवून गेलेली. पाऊल टाकलं की टाच मागे सरकते. दोन पावलं पुढे, अर्धं मागे. झाडं वारा अडवतात, त्यामुळे उडालेली धूळ वाहून जात नाही, कमरेएवढ्या उंचीवर तरंगत राहते. तासाभरात दात कचकचायला लागले. बुटात वाळू गेली, मोज्यात गेली, घामाने ओली झाली आणि टाचेवर पॉलिश पेपरसारखी घासायला लागली.

पायाला आलेल्या फोडाला इथे बोंबेल म्हणतात. शब्द ऐकून हसू आलं होतं. दुपारपर्यंत दोन्ही टाचांना एकेक आणि करंगळीला एक असे तीन बोंबेल झाले आणि मी खरोखरच बोंबलले.

त्यात माझ्यापुढे कर्णेकरी. प्रत्येक गटात काही जण पाठीवर कर्णा बांधून चालतात, त्यातून जप, गाणी, प्रवचन सगळं येतं. त्याच्या कर्ण्याचं तोंड बरोबर माझ्या कानाकडे होतं. रोझरीची एक माळ संपली की गिटार, गिटार संपली की प्रवचन, मग पुन्हा माळ. वारीत टाळ-मृदंग चालणाऱ्याला उचलून नेतात, ते इथे सकाळी सहाला जाणवलंही होतं. पण दुपारी अडीचला, वाळूत, फोडांसकट? मी शुद्ध कोल्हापुरीत त्याला म्हटलं, "मुडदा बशिवला तुझ्या कर्ण्याचा." त्याला वाटलं मी काहीतरी मागतेय. त्याने वळून, हसून, खिशातली लिमलेटची गोळी दिली.

या टप्प्यासाठी चार गोष्टी ऐका. पोटरीपर्यंत येणारं, बूट झाकणारं कापडी कव्हर घ्या. मी 'उगाच वजन' म्हणून घरी ठेवलं होतं. गटाच्या पहिल्या पाव भागात चाला, मागे धूळही जास्त आणि वाळूही जास्त उकरलेली. तोंडाला ओढणी बांधा. आणि प्रत्येक थांब्यावर, गप्पा आणि चहाच्या आधी, बूट काढून मोजे बदला. फोड आलाच तर स्वतः सुईदोरा घेऊन बसू नका. सोबत डॉक्टर-नर्सचं पथक असतं, रांग मोठी असते, पण उभं राहा. तिथल्या नर्सने माझे पाय जांभळ्या औषधाने असे रंगवले की आठवडाभर जांभळं खाऊन त्यातच चालल्यासारखे दिसत होते.

पाचवा आणि सहावा दिवस चांगला गेला. ढग होते. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खाण्याची चिंता करू नका, पण भोळेपणाही नको. गावागावांत लोक टेबलं मांडून उभे असतात : पाव, खारवलेल्या काकड्या, फळं उकळून केलेलं गोडसर कोंपोत, यीस्टचे गोड बन. पैसे विचारायचे नाहीत आणि नुसतं 'धन्यवाद'ही म्हणायचं नाही. 'बूग झापवाच' म्हणायचं, देव तुमचं फेडो. शाकाहाऱ्यांनी वाटाण्याच्या सूपपासून लांब राहावं. मी उसळ समजून दोन वाट्या प्यायले आणि तळाला डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले.

अशाच एका अंगणात ऐंशीच्या पुढच्या आजींनी विचारलं, कुठली तू? भारत म्हटलं. भारतात कुठे? कोल्हापूर म्हटलं, समजणार नाही हे गृहीत धरून. त्या म्हणाल्या, "वालिवाडे!" अंगावर काटा आला. १९४३ ते ४८ या काळात आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली ही माणसं कुठून कुठून फिरत तिथे पोचली होती. यांची आत्या त्यांत होती. माझी आजी त्या बायकांच्या गोष्टी सांगायची, गोऱ्या असून डोक्याला रुमाल बांधून बाजाराला यायच्या म्हणे. आजींनी मला मिठी मारली आणि काकड्यांची किलोभराची काचेची बरणी हातात ठेवली. ट्रक निघून गेलेला. ती बरणी मी दोन दिवस पाठीवर वाहिली. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायला शिकून या.

त्याच संध्याकाळी कर्ण्यावरून ऐकलेली एक गोष्ट मात्र कर्णेकऱ्याचे सगळे गुन्हे माफ करायला लावणारी होती. १९५७ पासून या चित्राची प्रतिकृती पोलंडभर गावोगाव फिरत होती. १९६६ मध्ये कम्युनिस्ट सरकारने ती अडवली आणि मठात परत नेऊन ठेवायला लावली. मग लोकांनी काय केलं, तर रिकामी चौकट फिरवली. १९७२ पर्यंत! रिकाम्या चौकटीपुढे गुडघे टेकले, मेणबत्त्या लावल्या. पालखीत पादुका ठेवून साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माउलीसोबत चालणाऱ्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

रात्री कोठारात गवतावर झोपणं ऐकायला छान वाटतं. गवत टोचतं, शिंका येतात आणि शेजारी कोण घोरणार हे तुमच्या हातात नसतं. तंबू न्या.

शेवटच्या दिवशी म्स्तूव्ह सोडलं की प्शेप्रोश्ना गुरका नावाची टेकडी येते. शब्दशः माफीची टेकडी. इथून मठाचा मनोरा पहिल्यांदा दिसतो, १०६ मीटर उंच. पण आधी सगळे थांबतात आणि एकमेकांची माफी मागतात, ज्याच्याशी वाटेत वाजलं असेल त्याची तर हटकून. मला वाटलं होतं, औपचारिक असेल. माझ्यासमोर कर्णेकरी येऊन उभा राहिला. म्हणाला, "शोस्त्रो, आवाजाचा त्रास झाला असेल तर माफ कर." मी त्याला माझं ते कोल्हापुरी वाक्य सांगितलं आणि अर्थही सांगितला. तो इतका हसला की कर्णा चालूच असल्यामुळे सगळ्या गटाला ऐकू गेलं. मग आम्ही बरणी उघडली. काकड्या उत्तम होत्या. माझी पाठही हलकी झाली.

शहरात शिरल्यावर मरियेच्या नावाचा रुंद, सरळ रस्ता थेट मठाकडे चढत जातो. दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत असतात. मठापुढे पोचलं की अख्खा गट जमिनीवर पालथा पडतो, साष्टांग. मीही पडले. उठवेना, ते भक्तीने की पायांमुळे, सांगता येणार नाही.

पण १४ च्या दुपारी चित्राचं दर्शन म्हणजे आषाढीला पंढरपुरात घाईघाईने मिळालेलं मुखदर्शन. रेटा येतो, सावळं काहीतरी दिसतं, तुम्ही बाहेर. १५ ला मरियेचा सण, गर्दी त्याहून वाईट. जमलं तर १६ पर्यंत थांबा आणि पहाटे जा. सहाला तुताऱ्या-नगारे वाजतात आणि चित्रावरचा पडदा हळूहळू वर जातो. तेव्हा मला ते नीट दिसलं : लांबट नाक, थकलेले डोळे, आणि उजव्या गालावर दोन चिरा. १४३० मध्ये लुटारूंनी तलवारीने मारलेल्या. चित्र दुरुस्त केलं, पण वार ठेवले. वेदीभोवती एक बाई गुडघ्यांवर सरकत होती, हातात बूट धरून. भिंतींवर लोकांनी नवस फेडताना सोडलेल्या कुबड्या टांगलेल्या आहेत.

या दोन रात्रींनी मला आर्थिकदृष्ट्या नागवलं. रस्त्याजवळच्या एका खोलीचे फोनवर रात्रीचे १६० झ्वोती ठरले होते, दारात ३०० मागितले, रोख. "सण आहे," एवढंच उत्तर. पाय बघता मी भांडायच्या स्थितीत नव्हते, आणि त्यालाही ते दिसत होतं. भाव आधी लेखी मेसेजवर घ्या, नाहीतर तंबूतच झोपा.

सगळे नऊ दिवस करायलाच हवेत असं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने शेवटचे तीन दिवस चालावेत. माफीची टेकडी, तो रस्ता, सगळं त्यातच आहे. क्राकूव्हच्या वावेल टेकडीवरून निघणारी यात्रा सहा दिवसांची आहे, ६ ते ११ ऑगस्ट, दीडशे किलोमीटर. चढउतार जास्त, दिवस कमी. मी पुन्हा गेलेच तर तीच करेन.

परतीचं आरक्षण जुलैमध्येच करा. मी केलं नव्हतं. वॉर्सापर्यंत दारापाशी उभी होते, सँडलमधले जांभळे पाय सगळ्या डब्याला दाखवत. पुढच्या वर्षी जाणार का, हे मला ऑक्टोबरपर्यंत विचारू नका.