न बदललेली हेडर फाइल

रिलीजच्या आदल्या संध्याकाळी मी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, मेन ही सगळ्यांची मुख्य ब्रँच चेकआउट केली (फोल्डरमध्ये आणली) आणि माझी ब्रँच, म्हणजे कोडची माझी वेगळी शाखा, तिच्यात मर्ज केली. कॉन्फ्लिक्ट एकही नाही. मधल्या काळात मेनवर जेमतेम सहा सी फायली बदललेल्या. दोन मिनिटांचं काम. बदललं तेवढंच पुन्हा कंपाइल करणारा मेक लावला, तर कंपाइल होणाऱ्या फायलींची रांग थांबेचना. अख्खा प्रोजेक्ट!

कंट्रोल-सी मारला. मेकला डीबगचा पर्याय देऊन म्हटलं, काही करू नकोस, नुसतं कारण सांग. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलपुढे (सी फाइल कंपाइल होऊन बनते ती) एकच तक्रार: कॉन्फिगची हेडर, म्हणजे सगळ्या सी फायली आत घेतात ती सामायिक फाइल, टार्गेटपेक्षा, म्हणजे त्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा, नवी आहे. ती बदलली होती मीच, पण तीन दिवसांपूर्वी, आणि त्यानंतर बिल्डही झाला होता. माझी ब्रँच आणि मर्ज कमिट (मर्जने नोंदलेली आवृत्ती) यांच्यात तिचा डिफ, म्हणजे फरक, काढला. कोरा. फाइलची वेळ पाहिली: 18:42. मर्जचीच वेळ.

मग डोक्यात उजेड पडला. मेनवर जाताना गिटने हेडर जुन्या रूपात लिहिली, मर्ज करताना पुन्हा माझ्या रूपात. अक्षरन्अक्षर तीच, वेळ मात्र ताजी. आणि 1976 साली जन्मलेला मेक फाइलच्या आत डोकावत नाही, फक्त वेळ बघतो. गिट कमिटमध्ये फायलींची वेळ साठवत नाही, हे खरं तर बरंच आहे. जुनी वेळ परत लावली असती तर मेकला बदल दिसलाच नसता आणि शिळी ऑब्जेक्ट फाइल गुपचूप लिंक झाली असती. तो बग शोधण्यापेक्षा वाट पाहिलेली परवडली.

पाहिली. चाळीस मिनिटं. कंपाइल झालेलं साठवून ठेवणारा सीकॅश असता तर मजकुराच्या हॅशवरून जुन्या ऑब्जेक्ट फायली मिळाल्या असत्या, पण त्या मशीनवर तो टाकायचा कायम राहून गेलेला.

शेजारचा म्हणाला, "मेनच तुझ्या ब्रँचमध्ये मर्ज कर, मग मेन फास्ट-फॉरवर्ड कर, म्हणजे नवा मर्ज न करता नुसती त्या कमिटपर्यंत पुढे सरकव." हेडरला हात लागला नसता, हे खरं. पण त्यात मर्जचा पहिला पालक, म्हणजे ज्या ब्रँचवर उभं राहून मर्ज केला ती, माझी ब्रँच होते, आणि आम्ही इतिहास पहिल्या पालकाच्या वाटेनेच वाचतो.

पुढच्या मर्जला गिट वर्कट्री (त्याच रिपॉझिटरीचं दुसरं फोल्डर) वापरली, गिट 2.5 पासून, म्हणजे 2015 पासून ती आहे. वेगळ्या फोल्डरमध्ये मेन काढून तिथे मर्ज केला. नेहमीच्या फोल्डरमध्ये माझ्या ब्रँचवरच राहून ती मर्ज कमिटपर्यंत फास्ट-फॉरवर्ड केली. मेक लावला. अकरा फायली कंपाइल झाल्या, मेनवर बदललेल्या तेवढ्याच. त्यापेक्षा लिंकिंगलाच जास्त वेळ लागला.