वारीचे आकडे: लोणंदचा अर्धा दिवस सापडला

मंडळी, लोणंद सुटलं. वारीत चालणाऱ्या आईची पावलं मी घरबसल्या नोंदवतो; मागच्या नोंदीत तिच्या लोणंदच्या दिवसाच्या ज्या आकड्यापाशी येऊन थांबलो होतो तो खोटा नव्हता, अर्धा होता. आता आकडे आणणारी माझी स्क्रिप्ट असे अर्धे दिवस स्वतःच हेरते, तेही एकही जादा परवानगी न मागता. सविस्तर लिहितो, कारण इथवर यायला मधला एक आख्खा आराखडा बांधून पुन्हा मोडावा लागला.

मांडणी तीच. आईच्या मनगटावर फिटबिटचा इन्स्पायर 3 हा पावलं-नाडी मोजणारा पट्टा, आई माउलींच्या पालखीसोबत, आणि घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा), पायथन (स्क्रिप्टची भाषा), एसक्यूलाइट (तक्ता ठेवणारा डेटाबेस). रोज पहाटे स्क्रिप्ट फिटबिटच्या वेब एपीआयकडे (सर्व्हरवरचा डेटा प्रोग्रामला देणारी खिडकी) आदल्या दिवसाचा सारांश मागते, तक्त्यात एक ओळ टाकते आणि त्या तारखेकडे आतापर्यंत पुन्हा बघत नव्हती. टोकनचं, म्हणजे एपीआयच्या तात्पुरत्या किल्ल्यांचं, रामायण मागे लिहून झालंय: अॅक्सेस टोकन आठ तासांचं, ते नव्यानं मिळवून देणारं रिफ्रेश टोकन एकदाच चालणारं, नवं हातात पडताच आधी तात्पुरत्या फाइलीत लिहायचं आणि मग फाइलीचं नाव बदलायचं. तेव्हापासून तिकडे शांतता आहे.

घरी असताना ही मांडणी बिनतक्रार चालली, कारण फोन सदैव आईजवळ आणि वायफाय चालू. वारीत फोन पिशवीच्या तळाशी, बंद. मुक्कामाच्या गावी चार्जिंगला रांग, पालखीच्या गर्दीत नेटवर्क नावापुरतं, आणि मुळात आईला चालताना फोन नकोच असतो. पट्टा इमानेइतबारे मोजत राहतो, पण मोजलेलं सर्व्हरवर चढायला ब्लूटूथ, फोनमधलं ॲप आणि इंटरनेट या तिघांची एकाच वेळी गाठ पडावी लागते. जेजुरीनंतर ती गाठ पडणं जवळजवळ थांबलं.

न आलेल्या दिवसाबद्दल एपीआय एरर देत नाही. देईल तरी कशाला, तिच्या बाजूनं सगळं ठीकच असतं. उत्तर 200 (म्हणजे ‘ठीक’), जेसन (उत्तराचा मजकूर) सुबक, पावलं 0, बैठी मिनिटं 1440. कॅलरी मात्र हजारावर, कारण नुसतं जिवंत राहायला शरीराला लागणारी ऊर्जा वय, वजन, उंचीवरून काढून दिवसाच्या बेरजेत धरलेली असते. थोडक्यात, ज्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, त्या दिवशी आई चोवीस तास बसून होती असं माझा तक्ता ठामपणे सांगत होता.

शून्य निदान डोळ्यांत खुपतं. ‘पावलं 0 आली तर ओळ टाकू नको’ एवढं लिहून ते भागलं असतं. छळलं ते लोणंदनं. त्या दिवशी वाल्ह्याहून निघाल्यावर वाटेत नीरा स्नान असतं. पादुकांच्या स्नानाचे फोटो घ्यायला आईनं फोन चालू केला, तेवढ्यात सिंक झालं, म्हणजे पट्ट्यातलं सर्व्हरवर चढलं, फोटो झाले, फोन पुन्हा पिशवीत. नदी ओलांडून लोणंदपर्यंतची दुपारची सगळी चाल पट्ट्यातच राहिली. माझ्याकडे पोचलेला आकडा पाच अंकी होता, पटण्यासारखा होता. पुणे ते सासवडच्या दिवसापेक्षा पुष्कळ कमी, पण त्या दिवशी तीसेक किलोमीटर आणि वर दिवेघाट, तेव्हा तुलना तशीही होत नाही. आलेख बघून कुणालाही वाटलं असतं की आई आज जरा कमी चालली. शंका आली ती नकाशावरून: वाल्हे ते लोणंद जितकं आहे त्याच्या जवळपासही सारांशातलं अंतर जात नव्हतं. इन्स्पायर 3 मध्ये स्वतःचं जीपीएस नाही, अंतर पावलांना ढांगेच्या लांबीनं गुणूनच येतं, त्यामुळे थोडंफार इकडेतिकडे होणारच. पण इतकं?

माझ्या मते शून्याहून अर्धा दिवस वाईट.

पहिला उपाय सुचला विश्रांतीच्या नाडीचा. सारांशात त्या आकड्याचं घर असतं, न आलेल्या दिवसात ते नसतं. पण अर्ध्या दिवसातही ते येतं, आणि पट्टा सैल असेल तर पूर्ण दिवसातही गायब होतं. सोडून दिला.

मग मोठा आराखडा. एपीआयमध्ये उपकरणांची यादी मिळते आणि प्रत्येक उपकरणापुढे शेवटच्या सिंकची वेळ असते. नियम सोपा: शेवटच्या सिंकची तारीख त्या दिवसाच्या पुढची असेल तरच दिवस बंद, नाहीतर उघडा, आणि उघडे दिवस रोज पुन्हा मागायचे. त्या वेळेला टाइमझोनची शेपटी नसते हे पाहून आधी घाबरलो होतो, कारण माझा रास्पबेरी पाय यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि आपलं साडेपाच तासांचं त्रांगडं सर्वांना माहीत आहे. पण दोन्ही तारखा खात्याच्याच टाइमझोनमधल्या, मग रूपांतर करायचंच कशाला? नुसत्या तारखांची तुलना, तीही सरळ अक्षरमालेसारखी. हा छोटा विजय मी चहाबरोबर साजरा केला. एक सूचना मात्र: खात्यावर फोननं स्वतः मोजलेली पावलंही चालू असतील तर तो फोन ‘मोबाइलट्रॅक’ नावानं वेगळं उपकरण म्हणून येतो. यादीतली पहिली ओळ डोळे मिटून उचलू नका, पट्ट्याचा आयडी धरूनच वाचा.

कोड लिहून झाला, चालवला, 403, म्हणजे परवानगी नाही. उपकरणांच्या यादीला ‘सेटिंग्ज’ स्कोप, म्हणजे त्या प्रकारच्या डेटाची परवानगी, लागतो. आईनं संमती दिली होती ती हालचाल आणि नाडी या दोनच स्कोपना. टोकन नव्यानं घेतलं तरी स्कोप वाढत नाहीत, संमतीचं पान पुन्हा उघडून ‘हो’ म्हणावंच लागतं. ॲप आईच्याच खात्यावर ‘पर्सनल’ प्रकारात नोंदवलंय, कारण मिनिटामिनिटाचा तपशील त्या प्रकारात आणि स्वतःच्या खात्यापुरता विनाअर्ज मिळतो. म्हणजे संमतीही त्याच खात्यातून. लॉगिनची खातरजमा होणार आईच्या फोनवर. आणि फोन कुठे, तर पिशवीच्या तळाशी, बंद.

दिंडीतल्या एका काकांच्या फोनवरून आईशी बोलणं झालं. तिला स्कोप समजावू लागलो तर म्हणाली, “मी माउलींबरोबर आलेय रे, तुझ्या कॉम्प्युटरबरोबर नाही. फलटणला मावशीकडे गेले की बघू.” यावर बोलायला काही उरलं नव्हतं.

मग फलटणपर्यंत हातात होतं तेच उलटंपालटं करत बसलो, आणि इथे हा प्रकार सुटला. नाडीचा मिनिटागणिक तपशील आणि पावलांचा मिनिटागणिक तपशील शेजारी ठेवून पाहिले. पावलांच्या यादीत मिनिट रिकामं असलं की 0 भरलेला असतो: आई झोपली असो, पट्टा काढून ठेवला असो, सिंक झालं नसो, सगळीकडे तोच 0. नाडीच्या यादीत मात्र मोजमाप नसेल तर ते मिनिट यादीतच नसतं. साहजिक आहे, नाडी शून्य लिहिणार कशी! म्हणजे नाडीची ओळ असणं हाच पुरावा की पट्टा मनगटावर होता आणि ते मिनिट सर्व्हरवर पोचलंय. इतके महिने ही यादी मी फक्त आलेखावर तांबडी रेघ काढायला वापरत होतो.

लोणंदच्या दिवसाची नाडी काढली. पहाटेपासून ओळीमागून ओळ, आणि दुपारी बारानंतर थोड्या वेळात यादी तुटलेली. पुढे काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशीही एकही ओळ नाही. पट्टा नुसता काढून ठेवला असता तर केव्हातरी ओळी पुन्हा सुरू झाल्या असत्या. त्यातून नियम निघाला: पुढच्या कुठल्याही तारखेची नाडीची एक तरी ओळ आली की आधीचा दिवस बंद समजायचा. तोवर तो उघडा, कितीही पटणारा आकडा असला तरी. सिंक जुन्याकडून नव्याकडे सरकत येतं हे यामागचं गृहीत, आणि माझ्या डेटात त्याला अजून तरी अपवाद निघालेला नाही.

एका फटक्यात उपकरणांची यादी, सेटिंग्ज स्कोप, मोबाइलट्रॅक, टाइमझोनची चिंता, सगळं बाद. तो कोड मी काढून टाकलाय. ज्यांना तो ‘पुढच्या नोंदीत देतो’ म्हणालो होतो त्यांनी माफ करावं, आता तुम्हालाही तो लागणार नाही.

तक्त्यात आता प्रत्येक दिवसापुढे नाडीच्या ओळींची संख्या हा नवा रकाना आहे. दिवसाची मिनिटं 1440. रात्रंदिवस पट्टा असेल तर ओळी त्याच्या बऱ्याच जवळ जातात, चार्जिंगला काढला की तेवढा खड्डा दिसतो. पावलं 0 आणि ओळी 0, पण दिवस बंद, असं असेल तर मनगट रिकामं होतं किंवा बॅटरी संपली होती. पावलं 0 आणि ओळी भरपूर, तर आई खरंच झोपून होती. हा प्रकार वारीत दिसेल असं वाटत नाही.

उघडे दिवस किती काळ उघडे ठेवायचे हा पुढचा प्रश्न. पट्टा मिनिटांचा तपशील सात दिवस जपतो, दिवसाच्या बेरजा तीस दिवस. म्हणून तीस दिवसांनंतरही उघडाच असलेला दिवस ‘गेला’ म्हणून बंद करतो. आईला मात्र एवढंच सांगून ठेवलंय की आठवड्याच्या आत एकदा फोन उघड. कारण तिला सांगितलं नाही, सांगितलं तर आधीचं वाक्य पुन्हा ऐकावं लागेल. एपीआयकडे करायच्या मागण्यांची चैन आहे: प्रत्येक उघड्या दिवसाला दोन, आणि मर्यादा ताशी 150. सगळी वारी उघडी राहिली तरी धक्का लागत नाही. जुनी वर्षं भरून काढायची असतील तर दिवसागणिक मागू नका. पावलांची टाइम सिरीज (तारखांनुसार आकड्यांची यादी) एका मागणीत 1095 दिवस देते. फक्त तिथले आकडे अवतरणचिन्हांत येतात आणि सारांशातले नुसते, म्हणून तक्त्यात टाकण्याआधी पूर्णांक करून घ्या. नाहीतर एसक्यूलाइटमध्ये रकान्याचा प्रकार सांगितला नसेल तर ‘9800’ हे ‘12000’ पेक्षा मोठं ठरतं आणि सर्वांत जास्त चाललेला दिवस भलताच निघतो.

फलटणला मावशीकडे फोन चार्ज झाला आणि पहाटेच्या फेरीत लोणंद, तरडगाव, फलटण असे तिन्ही दिवस भरून आले. लोणंदचा आकडा दुपटीच्या आसपास गेला, अंतर नकाशाशी जुळलं. लॉगमध्ये ‘लोणंद: उघडा ते बंद’ ही ओळ बघून जे वाटलं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. संमतीचं पान उघडण्याबद्दल आईनं स्वतःहून विचारलं, मी म्हटलं राहू दे.

आता जरा दुसरं. संध्याकाळच्या मिनिटांत एक गंमत दिसतेय. मुक्कामाला पोचल्यावर, चाल संपलेली असताना, पावलांच्या ओळी मिनिटाला चाळीस-पन्नासवर सलग चालू. नाडी मात्र चालतानाएवढी चढलेली नाही. हरिपाठाची वेळ आहे, आईच्या हातात टाळ आहेत. मनगटाचा पट्टा हात हलण्यावरूनच पाऊल ओळखतो, टाळाचा ठेका त्याला चाल वाटत असणार. उलट सकाळी थोडा वेळ तिच्या डोक्यावर तुळस असते, एक हात वर धरलेला, तेव्हा पावलं नक्की कमी पडत असणार. परत आली की घरातच टाळ वाजवून मोजायचं ठरवलंय. पावलांचा वेग आणि नाडी यांच्या जोडीवरून टाळाची मिनिटं वेगळी काढता आली तर मजा येईल. आधी मी हे दुरुस्त करायच्या विचारात होतो, आता वाटतंय दुरुस्ती नको, वेगळा रकाना करावा. टाळाची मिनिटं हीही वारीचीच नोंद आहे.

चढलेले मजले का मोजत नाही असं विचारणाऱ्यांसाठी: इन्स्पायर 3 मध्ये उंची मोजणारा सेन्सर नाही, त्यामुळे दिवेघाट माझ्या डेटात सपाट आहे. फिटबिटच्याच चार्ज 4 मध्ये तो होता. जुना चार्ज 4 चालू स्थितीत कुणाकडे पडून असेल तर जपून ठेवा, विकू नका. आणि ऑनलाइन मिळणारे, मनगटाला बांधायचे स्वस्त पट्टे वारीसारख्या कामाला घेऊ नका. आईच्याची पिन सासवडलाच निसटली, आता पट्टा दोऱ्यानं बांधलेला आहे आणि आधीपेक्षा घट्ट बसतोय. नाडीच्या ओळींची संख्या त्या दिवसापासून वाढलीय, हवं तर आलेख देतो.

पुढचं काम टाळता येणार नाही. सप्टेंबर 2026 मध्ये जुनी वेब एपीआय थांबायची आहे, तिच्या जागी गूगल हेल्थ एपीआय. फिटबिटचा वेबवरचा डॅशबोर्ड 2024 च्या जुलैत बंद झाला तेव्हाच मी स्वतःचा साठा करायला लागलो होतो, त्यामुळे जुन्या डेटाची काळजी नाही. पण आणणारा भाग नव्यानं लिहायचाय. तो साठ्यापासून पूर्ण सुटा करायचा, म्हणजे उघडा-बंदचा नियम आणि ओळींची संख्या यांना आकडे कुठून आले हे कळायचं कारणच राहणार नाही. हे लिहितालिहिताच सुचलं की नियमाला नाडीच लागते असंही नाही. मोजमाप नसेल तिथे ओळच न देणारी कुठलीही यादी चालेल. तर नव्या एपीआयमध्ये आधी तशी यादी कुठली ते बघायचं, बाकी मग. कुणी तिकडे आधीच पोचलं असेल तर मिनिटांच्या नाडीचं एक कच्चं उत्तर, तारीख खोडून, मला पाठवा. रिकामी मिनिटं त्यात कशी दिसतात तेवढंच बघायचंय.

आई उद्या माळशिरसला. लॉगमध्ये बरड आणि नातेपुते दोन्ही उघडे आहेत.