माझ्याच अक्षरातलं वाक्य

राजा रिक्षातून उतरेचना. आठ महिन्यांचा लॅब्राडोर, अंगानं चांगला भरलेला, पण मागच्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरत बसला होता. काम दहा मिनिटांचं. पुढच्या पायाचं नख मुळाशी मोडून रक्त येत होतं, तेवढंच.

राजाचे मालक काका निवृत्त शिक्षक. गोड बोलून, चुचकारून त्यांनी त्याला खाली घेतलं. साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्याला रस्त्यापासून पाच पायऱ्या आहेत. पहिल्याच पायरीवर राजा अडला. तेवढ्यात एक मुलगा मांजराची टोपली घेऊन बाहेर आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. राजानं मागे उसळी घेतली, काकांनी पट्टा आवळला आणि त्यानं वळून काकांच्याच मनगटाला दात लावले.

आधी काकांना बेसिनपाशी नेलं. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं. राजाला रेबीजची लस दिलेली होती, तरी सिव्हिलला जाऊन दाखवाच, असं बजावलं. हात धुता धुता काका एवढंच म्हणाले, "डॉक्टर, घरात हा कुणावर साधा गुरगुरलेला नाही हो. माझं काय चुकलं?"

ते सिव्हिलला गेल्यावर मी राजाची फाइल काढली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढू नये.' खाली दोन रेघा.

काकांनी ते वाक्य अक्षरशः पाळलं होतं. पिल्लू सात आठवड्यांचं असताना घरी आलं. तेव्हापासून चपला जिन्यात, पाहुणे बंद, दूध दाराबाहेरच्या पिशवीत. मुलीलासुद्धा सांगितलं, नातवंडांना आत्ता आणू नकोस. राजानं त्या नऊ आठवड्यांत घरात माणसं पाहिली ती दोन, काका आणि काकू.

मी तसं का लिहिलं होतं, तेही सांगायला हवं. राजाच्या आधीचं त्यांचं पिल्लू माझ्याच टेबलावर पार्व्हो या विषाणूच्या आजारानं गेलं होतं. सलाईन चालू, उलट्या, रक्ताची हगवण, आणि तिसऱ्या दिवशी संपलं. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, फिनेलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. शिवाय आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती काही पिल्लांमध्ये लसीला कामच करू देत नाही, म्हणून तर शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर द्यावा लागतो. माझी भीती खोटी नव्हती.

पण पिल्लाच्या मेंदूचं घड्याळ त्या डोसासाठी थांबत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, हुंगायला मिळतं, ते त्याला आपल्या जगातलं वाटतं. नंतर भेटणाऱ्या नव्या गोष्टीचा आधी संशय येतो. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ मध्येच हे सविस्तर मांडलं होतं. पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर आठवडाभरानं, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालासुद्धा स्वच्छ जागी इतर निरोगी पिल्लांत मिसळू द्यावं, असं अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये म्हटलं. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी हात तेच वाक्य लिहीत राहिला, कारण पार्व्होनं गेलेलं पिल्लू माझ्या डोळ्यांदेखत जातं. भीतीनं बिघडलेला कुत्रा परसात साखळीला बांधला जातो, नाहीतर कुणाच्या शेतावर सोडून दिला जातो. तो माझ्यापर्यंत पोचतच नाही. राजा पोचला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन करून सांगितलं, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही माझं ऐकलंत." ते बराच वेळ गप्प होते.

आता मी लिहून देते, 'जमिनीवर नको, कडेवर चालेल.' भटकी कुत्री फिरतात ती माती, बागेतलं गवत, रस्त्यावरचं डबकं लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत वर्ज्य. पण पिल्लाला ओढणीत गुंडाळून पोवई नाक्यावर दहा मिनिटं उभं राहा. एसटीचा हॉर्न ऐकू दे. छत्री उघडून दाखवा, हेल्मेटवाला घरी बोलवा, काठी टेकत येणाऱ्या आजोबांच्या हातून खाऊ द्या. ज्याच्या लसी वेळेवर झाल्यात असा शेजारचा शांत कुत्रा घरी येऊ दे. कुकरची शिट्टी, मिक्सर, आणि गणपतीच्या आधी मोबाइलवर ढोल-ताशा, अगदी हळू आवाजात. पिल्लानं मान फिरवली किंवा ते मागं सरलं, की तिथंच थांबायचं. त्याला पुढं ढकललं तर ओळख व्हायच्या जागी भीतीच पक्की होते, आणि हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

आणि महिन्यातून एकदा पिल्लू नुसतंच दवाखान्यात आणा. सुई नाही, औषध नाही. टेबलावर चढायचं, चिकनचा तुकडा खायचा, घरी जायचं.

राजाला हे सगळं उशिरा, कणाकणानं करावं लागतंय. दर गुरुवारी दवाखाना बंद झाल्यावर काका त्याला घेऊन येतात. मी हेल्मेट हातात धरून वरच्या पायरीवर बसते, त्याच्याकडे न बघता. तो येईल तिथवर काका उकडलेल्या अंड्याचे तुकडे टाकतात. परवा तो तिसऱ्या पायरीपर्यंत आला.