विंड होल्ड: स्कायडायव्हिंग शिकतानाचा माझा अनुभव

स्कायडायव्हिंग शिकले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दारातून उडी मारताना भीती नाही का गं वाटली?" वाटली ना. पण दारातली भीती फार तर मिनिटभराची. माझं डोकं खाल्लं ते जमिनीवर, मॅनिफेस्टच्या खिडकीशेजारी टांगलेल्या, वाऱ्याचा वेग दाखवणाऱ्या पाटीने. लाल आकडे, दर दोन-तीन सेकंदांनी बदलणारे. 13. 15. 12. 17. अजूनही पेट्रोल पंपावर तसले लाल आकडे दिसले की माझ्या कपाळावर आठी येते.

मॅनिफेस्ट म्हणजे कोण कुठल्या विमानातून जाणार याची यादी लावणारी खिडकी. ड्रॉपझोनवरची, म्हणजे उड्या मारायच्या तळावरची, खरी सत्ता तिथे असते, प्रशिक्षकांकडे नाही.

आधीचं थोडक्यात सांगते. मी मूळची मिरजेची, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरी. ड्रॉपझोन सेंट्रल व्हॅलीत. टँडम उडी, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारतात ती, झाली होती आणि आवडली होती. म्हणून ॲक्सिलरेटेड फ्रीफॉलच्या कोर्सला नाव घातलं. फ्रीफॉल म्हणजे पॅराशूट उघडेपर्यंतचं मोकळं पडणं. यात 'ए' ते 'एच' अशा पायऱ्या असतात. सुरुवातीला दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात, मग एक, मग कुणीच नाही. किमान 25 उड्या आणि बाकीच्या अटी पूर्ण झाल्या की यूएसपीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचं, 'ए' लायसन्स मिळतं. एक दिवसभराचा वर्ग, एक परीक्षा आणि जबाबदारीमुक्तीचा फॉर्म. त्यात प्रत्येक परिच्छेदापुढे वेगळी सही. मी मेले तर दोष माझाच, हे किती तऱ्हांनी लिहिता येतं ते त्या दिवशी कळलं. नवऱ्याने तो फॉर्म वाचायला मागितला, मी दिला नाही.

'ए' झाली, 'बी' झाली. घोडं अडलं ते 'सी'ला.

'सी'मध्ये 13,000 फुटांवर बाहेर पडायचं आणि शरीर स्थिर दिसलं की दोन्ही प्रशिक्षक हात सोडतात. 6,000 फुटांवर डोक्यावर हात हलवून इशारा करायचा, 5,500 वर पॅराशूट उघडायचं. मधे जेमतेम पाऊण मिनिट. कंबर पुढे ढकलायची, छाती उघडी ठेवायची, हनुवटी वर, आणि पाय गुडघ्यात किंचित वाकवून मागे लांब, म्हणजे पायांवर वारा सारखा लागतो. शाळेत शलभासन केलेल्याला हे जमिनीवर सोपं वाटतं. वर ताशी 190 किलोमीटरच्या वाऱ्यात आपले पाय कुठे आहेत हे कळतच नाही. माझ्या डोळ्यांसमोर प्रशिक्षकाची दोन ताणलेली बोटं येत राहिली. त्याचा अर्थ, पाय लांब कर. मी करत होते, निदान मला तसं वाटत होतं. त्यांनी एकदा हात सोडले, मी डावीकडे गिरकी घ्यायला लागले, त्यांनी परत धरलं. खाली आल्यावर लॉगबुकात लिहिलं: पाय. पुन्हा 'सी'.

पुन्हा तर पुन्हा, असं म्हणत पुढच्या शनिवारी गेले. आणि तिथून वाऱ्याची साडेसाती लागली.

नियम असा आहे की शिकाऊंसाठी जमिनीवरचा वारा ताशी 14 मैलांच्या वर गेला की उडी नाही. नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. शिकाऊंचं पॅराशूट मोठं असतं, माझं 280 चौरस फुटांचं होतं, आणि त्याचा स्वतःचा वेग बेताचा. वारा वाढला की तोंड वाऱ्याकडे असूनही ते मागे मागे सरकायला लागतं. मागे बघत कुठल्या कुंपणावर उतरायची मला हौस नव्हती. माझा राग आहे तो वेगळ्या गोष्टीवर. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपार कलली की समुद्रावरची गार हवा खाडीतून, कार्किनेझच्या सामुद्रधुनीतून आत सेंट्रल व्हॅलीत घुसते. व्हॅली तापलेली असते, ती हवा ओढून घेते. याला डेल्टा ब्रीझ म्हणतात, आणि हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी शिकाऊंना वेळ कुठली द्यायची? दुपारी एकची! सकाळचे शांत वाऱ्याचे लोड, म्हणजे विमानाच्या फेऱ्या, टँडमवाल्यांना, कारण तिथे रोकडा धंदा. आम्ही पॅकेजचे पैसे आधीच भरून बसलेलो, आम्ही कुठे पळून जातोय?

फोन करून विचारावं तर उत्तर मिळायचं, "हो हो, सकाळपासून उडतोय, ये." उडत होते ते टँडमवाले आणि जुने जाणते. मी घाट ओलांडून, ट्रॅफिक काढून पोचायचे, खिडकीत नाव सांगायचे, आणि मुलगी मान वर न करता म्हणायची, "विद्यार्थ्यांना विंड होल्ड. तासाभराने बघू." विंड होल्ड म्हणजे वारा उतरेपर्यंत उडी बंद. मग तो लाकडी बाक. मिरज स्टँडवर गाडी कधी लागेल याचं उत्तर चौकशीच्या खिडकीतून जसं मिळतं तसलंच हे. फरक एवढाच की इथे मी जम्पसूट घालून, घामाने भिजून बसलेली.

आणि समोरून काय चाललेलं असायचं? वाढदिवसाचे ग्रुप. फुगे, केक, एकसारखे टी-शर्ट. ज्यांनी कालपर्यंत विमानाचं दार उघडं पाहिलं नव्हतं ते वर जाऊन, खाली येऊन, नाचत फोटो काढायचे. टँडमला शिकाऊंची मर्यादा लागू नाही, प्रशिक्षक अनुभवी असतो, हे सगळं मला पाठ होतं. तरी पोटात कालवाकालव व्हायची. माझ्याबरोबर वर्गात बसलेला एक कॉलेजचा पोरगा तोवर 'ई' करून कोलांट्या मारत होता. तो भल्या पहाटे यायचा, तिथेच तंबूत झोपायचा. मी घर, नोकरी, भाजी आणणं सांभाळून येणार, दुपारीच येणार.

त्या बाकावर माणूस स्वतःबद्दल फार वाईट विचार करतं. उडी मारायला मिळाली असती तर निदान काय ते कळलं असतं. बसून राहिल्यावर ती डावीकडची गिरकी मनात परत परत घडायची आणि दरवेळी आणखी जोरात. मग वाटायचं, आपल्या हाडातच हे नाही. चाळिशीला आलेल्या बाईने कशाला हे उद्योग करावेत? पाटीवर 16 दिसलं की रागाआड मला हायसंही वाटायचं, आणि हायसं वाटल्याचा परत वेगळा राग. घरी आल्यावर नवरा विचारायचा, "झाली का?" मी म्हणायचे, "वारा." काही आठवड्यांनी त्याने विचारणंच सोडलं. ते जास्त झोंबलं.

त्यात आईने शीतल महाजनचा व्हिडिओ पाठवला, 2018 मध्ये तिने थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती तो. खाली लिहिलेलं, "बघ." आईचा हेतू चांगला होता. पण हीच बाई 2004 मध्ये आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर, 2,400 फुटांवरून मारून मोकळी झाली होती. तिला 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मला इथे कोणी लोडवर घेईना.

मग महिना उलटला. शेवटच्या उडीला 30 दिवस झाले की विद्यार्थ्याला उजळणी लागते, हे सुरक्षेच्या दृष्टीने रास्तच. पण उजळणीचे वेगळे पैसे? मी खिडकीत म्हटलं, "मी दर आठवड्याला इथे येते, तुम्हीच बसवून ठेवता." मुलीने चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगितलं, "वारा आमच्या हातात नाही." मी म्हटलं, "एकची वेळ तुमच्या हातात आहे." यावर तिने छापील नियम काढून समोर ठेवला. मी पैसे भरले. तो राग अजून उतरलेला नाही, हे वाचताना कळतच असेल.

चिडून निघालेच होते. तेवढ्यात हँगरमध्ये जमिनीवर पॅराशूट घडी घालणारी एक बाई म्हणाली, "बसून काय करतेस? ये, हे शिक, लायसन्सला लागतंच." सतरंजीवर गुडघे टेकून मी बसले. दोऱ्या मोजायच्या, कापडाच्या घड्या एकावर एक लावायच्या, वरच्या चौकोनी स्लायडरला नीट मधे आणायचं. दोऱ्यांवर वरपर्यंत सरकवलेला हा कापडाचा तुकडा उघडताना हळूहळू खाली येतो, म्हणून पॅराशूट एकदम फाडकन उघडत नाही. मग छातीने दाबून हवा काढत ते सगळं पिशवीत कोंबायचं. कोंबलं की दुसऱ्या बाजूने बाहेर. गुडघे सोलवटले, नखं तुटली, पण कित्येक दिवसांनी दोन तास त्या पाटीकडे बघितलं नाही. तिने मला राखीव पॅराशूटचं कार्डही दाखवलं. राखीव घडी आपण घालत नाही, परवानाधारक रिगर, म्हणजे पॅराशूटची देखभाल करणारा जाणकार, घालतो, आणि 180 दिवसांनी ती पुन्हा घालावीच लागते. कार्डावर तारीख आणि सही होती. माझ्या पाठीवर काय आहे हे इतके दिवस मी शब्दांत ऐकलं होतं, हाताला आत्ता लागलं. तुम्ही कोर्स करणार असाल तर हे पहिल्याच आठवड्यात शिका. शेवटी शिकवतात, का ते देव जाणे.

तिथेच एका प्रशिक्षकाने माझ्या फसलेल्या उडीचा व्हिडिओ लावला. मी तो तोवर बघितला नव्हता, लाज वाटायची. त्याने एका जागी थांबवून बोट ठेवलं. उजवा पाय व्यवस्थित. डावा गुडघ्यात दुमडून टाच जवळजवळ मागे टेकलेली. तो म्हणाला, "तू घाबरतेस म्हणून फिरत नाहीयेस. डावा पाय आत आहे म्हणून फिरतेस." इतक्या शनिवारांचं माझं आत्मपरीक्षण एका चित्रात निकालात निघालं! उपाय त्याने सांगितला तो असा: बाहेर पडून स्थिर झालं की दोन्ही पावलं एकमेकांवर दोनदा आपटायची. पावलं भेटली म्हणजे पाय सारखे आहेत. मी हे ऑफिसात खुर्चीवर करायचे, स्वयंपाकघरात पोळपाटासमोर उभी राहून टाचा वर करून करायचे. युनियन सिटीला वाऱ्याचा बोगदा आहे, खालून जोराचा वारा सोडून हवेत तरंगवणारा, तिथेही थोडी मिनिटं घेतली. महाग आहे, पण बोगद्यात प्रशिक्षक हाताच्या अंतरावर असतो आणि जमीन अंगावर येत नसते. 'सी'वर अडकलेल्याने जरूर जावं.

आणि वेळ बदलून घेतली. खिडकीतून नाही, थेट मुख्य प्रशिक्षकाला मेल लिहून: मला पहिला लोडच हवा, नाहीतर मी येणार नाही. मिळाला. इतकं सोपं होतं तर आधी कोणी सांगितलं का नाही, हा प्रश्न मी आजही विचारते.

पहाटे पोचले तर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा काठीला लोंबकळत होता. पाटीवर 3.

विमानात शिकाऊ साधारण शेवटी उतरतात. म्हणजे आपल्यादेखत सगळं विमान रिकामं होत जातं, हे आधीच माहीत असलेलं बरं. एकेक ग्रुप ओरडत जातो, गार हवा आत येते, आणि अचानक बाकावर आपण आणि आपले दोघं. मी मोठ्याने सांगून टाकलं की मला भीती वाटतेय. शेजारचा म्हणाला, "मलाही वाटते, तू लाथा मारतेस." हसूच आलं. दारात दोघांकडे आळीपाळीने बघून होकार घेतला, वर, खाली, आणि बाहेर. पावलं आपटली. भेटली. परत आपटली. डावीकडचा हात सुटलेला दिसला, मग उजवीकडचा. क्षितिज जागच्या जागी होतं. मनगटावरच्या अल्टीमीटरचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा बघितला, परत समोर बघितलं, तर प्रशिक्षक माझ्यासमोर हवेत, दात काढून हसत. 5,500 ला मी स्वतः उघडलं.

उतरताना बुडावर आपटले, पण त्याला नापास करत नाहीत.

पुढच्या पायऱ्या यथावकाश झाल्या, लायसन्सही आलं. आईने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर एका काकांनी विचारलं की याने पगार वाढतो का.

राहिलेलं सांगते. चष्मा असेल तर वरून बसणारा मोठा गॉगल आधीच मागून ठेवा, ऐनवेळी सापडत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, वर मळमळतं. पॅकेज घेताना उजळणीचे पैसे कोण भरणार ते लिहून घ्या. आणि निघण्याआधी फोन कराल तेव्हा "उडताय का?" असं विचारू नका, "विद्यार्थी उडताहेत का?" असं विचारा. पलीकडे कोणी अं अं करायला लागलं तर गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवा.